सात नंबरचा बिल्ला

आमच्या शेजारच्या धोट्यानं पाच महिन्यांपासून एक मशीन बंद केली नाही. खेळाची मशीन. बत्ती गेली तर तिच्यासाठी बॅटरी आहे, तो स्वतः मात्र अंधारात हातपंखा हलवत बसते. आमच्या मोहल्ल्यात, दीक्षितपुऱ्यात, घरांची भिंतीला भिंत, त्यामुळे तिचं टुंईटुंई गाणं माझ्याच घरात.

धोटे तोफांच्या कारखान्यात फिटर होता. लग्न नाही केलं. रिटायर झाल्यावर लोक तीर्थाला जातात; यानं एक बंद पडलेलं गेमचं दुकान गाठलं आन् कपाटाएवढी मशीन हातठेल्यावर घालून आणली. एकाच डब्यात चार खेळ: गाडी पळवायची, मारामारी करायची, विमानं पाडायची, आन् वरून पडणारे ठोकळे रचायचे.

मी जन्मभर पाटनच्या मंडीत पोती तोलली, शाळा चौथीपर्यंत. मला वाटलं, सगळा एकच खेळ आहे. गाडीवाला गाडी पळवते, कोणी अडवलं तर उतरून मारामारी करते, मग विमानात बसून सुटते आन् शेवटी घर बांधते. हे मी माझ्या बायकोला, कमलला, सांगितलं तर ती इतकी हसली की तव्यावरची पोळी करपली. पण खेळायला जायची तीच, रोज चार वाजता. मी एकदाही नाही गेलो.

धोट्याकडं खेळ म्हणजे ड्युटी. दारात लाकडी फळी, फळीवर खिळे, खिळ्यांवर पितळी बिल्ले, कारखान्याच्या गेटवर असतात तसे. खेळायला येणाऱ्या प्रत्येकानं येताना आपल्या नंबरचा बिल्ला 'आत'च्या खिळ्याला टांगायचा, जाताना 'बाहेर'च्या. पाचला तो शिट्टी मारायचा, फळी पाहायचा, सगळे बिल्ले बाहेर असले तरच बटण बंद. कायद्यावर आला की हिंदीत बोलते, "सिस्टम से चलो, भैया!" एकदा स्वतःचाच बिल्ला आत विसरला, तर अंगणात उभा राहून स्वतःच्याच घराला ओरडला, "कोण आहे रे आत?"

कमलचा नंबर सात.

कमल गेली तेव्हाही ते गाणं वाजत होतं. मला वाटलं, तेरवीला तरी हा बंद करीन. नाही केलं. माणूस आहे का काय आहे, मला समजून नाही राहिलं. शेवटी परवा त्याच्या दारात गेलो.

"धोटे, शेजारचं माणूस मेलं आन् तू गाणं वाजवून राहिला? बंद कर ते!"

"नाही जमत, भाऊ."

"काहून नाही जमत? बटण दाब!"

त्यानं फळीकडं बोट केलं. सगळे बिल्ले बाहेर. सात नंबर आत.

"त्या दिवशी वहिनीचा खेळ अर्धा होता," तो म्हणाला. "म्हणाल्या, चक्कर येऊन राहिली, घरी पाणी पिऊन येते, बंद नका करू. मी म्हटलं, नाही करत."

तिनं घरी येऊन पाणी मागितलं, एवढं मला आठवते. मी गिलास भरेपर्यंत ती खाली बसली होती. मग दवाखाना. खेळ संपवून आली का अर्धा सोडून, हे मी विचारलंच नव्हतं.

"मग बिल्ला काढून टाक ना," मी म्हटलं.

"बिल्ला आत असला तर गेट लावत नाही, भाऊ. माणूस आत आहे." कायदा त्यानं पहिल्यांदा मराठीत सांगितला. "घरचं माणूस काढू शकते. तुम्ही काढा, मी बंद करतो."

मी बिल्ला हातात घेतला. काय मागायला आलो होतो, तेच समजेना.

"कोणता खेळ आवडायचा तिला?"

"ठोकळ्यांचा. पण सीधा लावायच्या नाही. आधी गाडी, मग मारामारी, मग विमान. मी म्हणायचो, वहिनी, हे चारही अलग अलग आहेत. तर म्हणायच्या, आमच्या घरी असंच सांगितलंय, शेवटी घर होते."

"त्या दिवशी कुठपर्यंत आली होती?"

"विमान झालं होतं."

मी बिल्ला परत आतल्या खिळ्याला टांगला.

"ठोकळ्यांचं बटण कोणतं?"

धोट्यानं बाहीनं नाक पुसलं. "पहले आपका बिल्ला, भैया. सिस्टम से चलो," म्हणाला, आन् पितळेचा पत्रा कापायला बसला.