हैबतराव कोल्ह्याची खंबीर साथ

बाळांनो, मांडी घालून नीट बसा. पाय हलवायचे नाहीत. गोष्ट पायांचीच आहे.

एका जंगलात धावण्याचं खूळ शिरलं होतं. पूर्वी तिथले प्राणी दोनच कारणांसाठी धावत. कुणाला तरी खायला, नाहीतर आपल्याला कुणी खाऊ नये म्हणून. आता ते तब्येतीसाठी धावू लागले. वाघाची मोठी पंचाईत झाली. समोरचं हरीण घाबरून पळतंय की सराव करतंय, हेच त्याला कळेना. बिचारा संकोचाने उपाशी राहू लागला.

त्याच जंगलात हैबतराव नावाचा कोल्हा होता. नुसतं धावून त्याचं समाधान होईना. तो लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनची तयारी करत होता. म्हणजे काय, सांगतो. आधी अख्खं तळं पोहून जायचं. मग ओल्या अंगाने सायकल हाणत डोंगराला वळसा घालायचा. एवढ्यानेही घरी जावंसं वाटलं नाही, तर वर एक मॅरेथॉन धावायची. सगळं एकाच दिवसात, आणि तेही मागे कुणी लागलेलं नसताना.

त्याला शिकवायला बगळे गुरुजी होते. ते जन्मात कधी धावले नव्हते. एका पायावर उभं राहून ते दुसऱ्यांच्या पायांना सल्ले देत. त्यांनी हैबतरावाच्या मनगटावर एक काजवा बांधला होता. छाती फार धडधडली की काजवा लाल होई, शांत झाली की हिरवा.

"काहीही होवो, काजवा हिरवा राहिला पाहिजे," गुरुजींनी बजावलं होतं.

हैबतरावाचा लहानपणापासूनचा दोस्त म्हणजे धोंडू अस्वल. त्याला आयुष्यात एकच मॅरेथॉन पूर्ण करायची होती. गेल्या वर्षी तो निघाला खरा, पण शेवटी शेवटी एका आंब्यावर त्याला मधाचं पोळं दिसलं. एकच घास म्हणून तो थांबला आणि शर्यत संपल्यावर झाडाखाली जागा झाला. तेव्हापासून जंगलातली पोरंटोरं त्याला 'पोळेकर' म्हणून हाका मारत. ते त्याच्या मनाला फार लागलं होतं.

"हैबत्या, तू बरोबर असलास तर मी पोचेन रे," तो म्हणाला. "पुन्हा हसं नको."

"मॅरेथॉन म्हणजे माझा नुसता सराव," हैबतराव म्हणाला. "तुला शेवटच्या रेषेपर्यंत नेतो. कोल्ह्याचा शब्द आहे."

धोंडूचा जीव भांड्यात पडला. कोल्ह्याच्या शब्दावर विसंबणारा तो जंगलातला एकटाच प्राणी होता.

शर्यतीचा नियम सोपा होता. सूर्य माथ्यावर आला की हत्तीकाका शेवटच्या रेषेवर आडवे बसत. मग मुंगीलाही आत जाता येत नसे.

शर्यत सुरू झाली. धोंडू धापा टाकत, पण नेटाने धावत होता. हैबतराव दर चढाला थांबत होता.

"अरे, चल की!"

"थांब जरा. काजवा लाल झालाय."

धोंडू थांबे. काजवा हिरवा झाला की दोघे पुन्हा निघत.

मग ओढा आला. त्यावर चांगला पूल होता. धोंडू पुलावरून गेला. हैबतराव पाण्यात उतरला.

"अरे, पूल आहे ना?"

"त्यात कसला आलाय सराव?"

गार पाण्यातून तो पलीकडे निघाला आणि त्याच्या पोटरीत असा गोळा आला, की तो मटकन खालीच बसला.

धोंडूने सूर्याकडे पाहिलं. एकटा गेला असता तर तो आरामात पोचला असता. हैबतरावालाही ते कळत होतं. 'तू जा' असंच त्याला म्हणायचं होतं. तोंडातून आलं, "मला सोडून जाशील?"

"शब्द दिलायस ना तू?" धोंडू खाली वाकला. "मग चढ पाठीवर."

हैबतरावाला खरोखर लाज वाटली. त्याचे डोळे भरून आले. मग त्याचं लक्ष मनगटाकडे गेलं. काजवा हिरवागार होता! सकाळपासून तो इतका हिरवा एकदाही झाला नव्हता. लाज जरा ओसरली.

"खांदे सैल सोड," तो पाठीवरून सांगू लागला. "श्वास नाकाने घे."

धोंडूने श्वास नाकाने घेतला, आणि नेमका मधाचा वास आला. तोच आंबा, तेच पोळं. धोंडूचे पाय अडखळले.

"धोंड्या, नको रे!" हैबतराव कळवळून ओरडला.

धोंडूला हात वर करायचे होते. पण दोन्ही हात मागे कोल्ह्याला धरण्यात गुंतले होते. त्याने डोळे मिटले आणि तो धावत सुटला.

हत्तीकाकांचे गुडघे वाकले होते. धोंडू त्यांच्या पोटाखालून सुसाट पार झाला.

"हैबतरावांनी मित्राला रेषेपर्यंत नेलं हो!" पोपटाने झाडावरून जाहीर केलं.

खरं काय ते सांगायला हैबतरावाने तोंड उघडलं. पण धोंडू आनंदाने रडत आधीच सगळ्यांना सांगत होता, "अगदी खरंय! हा पाठीवर नसता तर मी पोळ्यापाशीच थांबलो असतो!"

हैबतरावाने तोंड मिटलं. दोस्ताला चारचौघांत खोटं पाडणं बरं दिसत नाही.

बगळे गुरुजींनी काजवा पाहिला. "शेवटपर्यंत हिरवा! याला म्हणतात शिस्त!"

दुसऱ्या दिवसापासून सगळं जंगल कुणाला ना कुणाला पाठीवर घेऊन धावू लागलं. आपल्या पाठीवर बसायला एखादं हरीण मिळेल का, अशी वाघानेही नम्रपणे चौकशी केली.

हैबतरावाने धोंडूच्या खांद्यावर हात टाकला.

"दोस्ता, ट्रायथलॉन जवळ आली. तुला पोहता येतं ना?"

तात्पर्य: बाळांनो, मित्राला दिलेला शब्द शेवटपर्यंत पाळावा. पायांनी जमलं नाही, तर वजनाने पाळावा.