सिद्रामअण्णांचा उलटा ब्रेक

सिद्रामअण्णा कुणाच्याही घरी गेले की आधी त्या घरातली सायकल उलटी करतात, मग चहाला बसतात. बसतात हे आपलं बोलायचं. उभ्याउभ्याच कप तोंडाला लावून ते मागचं चाक फिरवतात आणि कान चाकाच्या मधोमध, हबजवळ नेतात. "छर्रा रडायलाय," असं म्हणाले की त्या सायकलीची आज सुटका नाही.

मन्नाएखेळ्ळी गावात अण्णांचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लागून. अण्णांचं किराणा दुकान मुलाकडे गेलं आणि अण्णा जुन्या सायकलींकडे गेले. त्याही फक्त पायडल उलटं दाबलं की थांबणाऱ्या. हाताच्या ब्रेकला ते ब्रेकच मानत नाहीत. मागचा हब खोलायचा, आतले छर्रे रॉकेलमध्ये धुवायचे, ग्रीस भरून हब पुन्हा कसायचा. जास्त आवळला तर चाक जड, सैल सोडला तर डुगडुगणार. मधली जागा सापडली की अण्णा दोन घास सुखानं खातात आणि हात धुऊन पुन्हा खोलतात.

एकदा सायकलीचे फायदे सांगायला गावात पाहुणे आले, कारने. मांडवाच्या दारात शोभेला एक जुनी उलट्या ब्रेकची सायकल हार घालून ठेवली होती. भाषण पर्यावरणापर्यंत पोचलं, तोवर हार अण्णांच्या गळ्यात आणि हब वर्तमानपत्रावर. भाषण संपवून मंचावरून उतरताना पाहुण्यांना वाटलं, सत्कारमूर्ती हेच. त्यांनी वाकून नमस्कार केला. अण्णा म्हणाले, "साहेब, जरा सरका. उजेड अडायलाय."

लोक हसतात. मीही हसायचो. पण सगळे हब एकीकडे आणि घरच्या सायकलीचा एकीकडे.

दोन वर्षांपूर्वी अण्णा शरणम्माक्कांना, म्हणजे बायकोला, कॅरिअरवर बसवून तिच्या धाकट्या बहिणीकडे निघाले होते. गावाच्या दुसऱ्या टोकाला. हब सकाळीच धुतला होता, घाईत ग्रीस कमी पडलं. उतारावर ब्रेकनं एकदम धरलं आणि अक्का रस्त्यावर. कंबरेचं हाड मोडलं. ते जुळलं, पण अक्का पुन्हा त्या कॅरिअरवर बसल्या नाहीत. रिक्षात बसतात, मुलाच्या मोटारसायकलवर बसतात. अण्णा तेव्हापासून तो हब खोलतायत.

"आता कामून खोलायलाव?" मी एकदा विचारलं.

"झटका हाय अजून."

मी ती सायकल घेऊन एक चक्कर मारून आलो. "मला तर काई कळंना."

"तुम्ही कुठं पडलाव?"

परवा सकाळी ते परातीत छर्रे धूत होते. अक्का चपला घालून बाहेर आल्या.

"बंद करा ते. धाकटीकडं जायचंय."

"रिक्षा सांगतो."

"रिक्षा कामून? सायकल हाय की."

अण्णांचे हात थांबलेले मी पहिल्यांदा पाहिले. मग त्यांनी हब कसला, चाक चढवलं, रिकामीच एक फेरी मारली, उतरले, आणखी एक मारली. अक्का उन्हात उभ्या. शेवटी त्या कॅरिअरवर बसल्या. अण्णांनी पायडलवर पाय ठेवला, काढला, आणि सायकल हातानं ढकलत चालू लागले.

"आवो, बसा की वर."

"सपाट आलं की बसतो."

आमच्या दारापासून वळणापर्यंतचा रस्ता ताटासारखा सपाट आहे.

"असं चालायचंच होतं तर मीबी चालले असते," अक्का म्हणाल्या.

"तू बस."

अक्का हसल्या. उतरल्या मात्र नाहीत.