आवकायच्या आठवड्यातलं लाल पान

सकाळी अकरा वाजता सुभद्रम्मांनी फोन चेहऱ्यासमोर धरला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. फोनने फोटो घेतला, जरा विचार केला आणि पडद्यावर एक लाल पान उगवलं. खाली अक्षरं आली : 'आजचा दिवस जड आहे. आम्ही तुमच्यासोबत आहोत.'

"जड नाही, तिखट आहे," असं फोनला सांगून सुभद्रम्मांनी पुन्हा मुसळ उचललं.

आवकायचा आठवडा होता. वर्षाचं हे कैरीचं लोणचं घालायचं म्हणून गुंटूरच्या त्या गल्लीत घरोघरी मिरच्या कुटल्या जात होत्या. रस्त्याने जाणारी माणसंही शिंकत, डोळे पुसत चालली होती आणि कोणी कोणाची विचारपूस करत नव्हतं.

'मनोमित्र' नावाचं ते अ‍ॅप हैदराबादच्या मुलाने, फणींद्रने, वडील गेले त्या वर्षी आईच्या फोनमध्ये घातलं होतं. रोज चेहरा दाखवायचा. मन बरं असलं तर हिरवं पान, नसलं तर लाल. सलग तीन लाल पानं आली की फणींद्रला निरोप जाई. त्याची अट साधी होती : तसा निरोप आला, की अम्माने गुंटूरचं घर बंद करून हैदराबादला यायचं. चौदाव्या मजल्यावर, जिथे खिडकीही पूर्ण उघडत नाही तिथे. सुभद्रम्मा कबूल झाल्या. थर्मामीटरशी वाद घालायचा नसतो, हे त्या जन्मभर शाळेत मुलांना शिकवत आल्या होत्या.

शिवाय त्यांना ते अ‍ॅप आवडू लागलं होतं. फोटोनंतर ते विचारी, 'आज कोणत्या तीन गोष्टींबद्दल आभार मानाल?' सुरुवातीला त्या तिन्ही ओळींत 'कॉफी' लिहीत. मग हळूहळू 'मंगतायारूने भिंतीवरून मारलेली हाक' आली, 'दारातल्या रांगोळीवर पाय न देणारा पोस्टमन' आला. आताशा तीन ओळी पुरत नसत.

दुसऱ्या दिवशी मोहरी दळली. पान पुन्हा लाल. त्यांनी लगेच मुलाला फोन लावला.

"फणी, मिरची आहे रे ती. आणि मोहरी."

"अम्मा, अ‍ॅपच्या माहितीत लिहिलंच आहे, माणसं कारणं देतात. मी मीटिंगमध्ये आहे."

शेजारची मंगतायारू कैऱ्या पुसायला आली होती. ती म्हणाली, "अक्का, उद्या तोंड धुऊन फोटो काढा की."

"उद्या लोणचं कालवायचं. पाण्याचा थेंब उडाला तर वर्षभर बुरशी खाशील?"

"मग काढूच नका."

"न काढलेला दिवस लाल धरतात."

"मेलं नवऱ्यासारखंच आहे," मंगतायारू म्हणाली. "बोललं तरी पंचाईत, नाही बोललं तरी पंचाईत."

तिसऱ्या दिवशी अकराला सुभद्रम्मांचे दोन्ही हात कोपरापर्यंत तिखट-तेलात होते. मंगतायारूचा नवरा सांबशिवराव कोयत्याने कैऱ्या फोडत होता. एका हाताने त्यानेच फोन धरला. "हसा, टीचरगारू."

त्या हसल्या. पान आणखी गडद झालं. 'हसण्यामागचे अश्रू आम्हाला दिसतात. तुमच्या मागेही एक दुःखी व्यक्ती दिसते आहे.'

"मी?" मंगतायारू नाक ओढत म्हणाली. "मला कसलं दुःख? यांना दोन कैऱ्या सरळ फोडता येत नाहीत, एवढंच."

पाचच मिनिटांत फणींद्रचा फोन आला. सांबशिवरावाने आंबट बोटाने नेमकं चित्र दिसायचं बटण दाबलं. हैदराबादेत फणींद्रला दिसली ती ढसाढसा रडणारी आई, पदरात तोंड घातलेली मंगतायारू आणि हातात कोयता घेऊन डोळे पुसणारे काका.

"अम्मा, काय झालं?"

"काही नाही रे, मीठ कमी पडलंय."

"काका, तुम्ही का रडताय?"

"दरवर्षी रडतो," सांबशिवराव प्रामाणिकपणे म्हणाला.

"मी निघालो," फणींद्र म्हणाला. "तुझं सामान काढून ठेव."

संध्याकाळी तो आला, तो भलीमोठी रिकामी बॅग घेऊनच. सुभद्रम्मांनी वाद घातला नाही. बरणीला कापड बांधून झालं होतं, पण परात त्यांनी न धुता ठेवली होती. तिच्या कडांना लागलेल्या मसाल्यात गरम भात आणि तूप कालवायचं आणि घरात असेल त्या प्रत्येकाच्या हातावर एकेक घास ठेवायचा, हा त्या दिवसाचा रिवाज. तो खाल्ल्याशिवाय कोणी उंबरा ओलांडत नाही. पहिला घास फणींद्रला त्याचे नाना, म्हणजे वडील, देत. या वेळी अम्माने दिला.

"आवर, अम्मा. रात्र व्हायच्या आत निघू," असं म्हणत त्याने घास तोंडात टाकला आणि त्याचे डोळे वाहू लागले.

"मोहरी चढली," सांबशिवराव समाधानाने म्हणाला.

सगळ्यांचेच वाहिले. मग एकेकाचे थांबले. मंगतायारूने नाक पुसलं, सांबशिवरावाने दुसरा घास मागितला. फणींद्रचे थांबेनात.

"मोहरीचं पाणी एव्हाना थांबायला हवं होतं," सुभद्रम्मा म्हणाल्या.

"तिखट आहे, अम्मा."

"माणसं कारणं देतात, असं त्यात लिहिलंय म्हणे."

फणींद्र हळूच म्हणाला, "मलाही ऑफिसने ते अ‍ॅप घ्यायला लावलंय. माझं पान रोज हिरवं असतं. लिफ्टच्या आरशात हसून बघतो, ते हसू धरून ठेवतो आणि फोटो काढतो."

"आत्ता काढ. न हसता."

त्याने काढला. पान लाल आलं. अ‍ॅपमधला 'जवळचा माणूस' हा रकाना त्याने इतके दिवस कोरा ठेवला होता. तिथे अम्माचं नाव भरून त्याने 'आत्ताच कळवा' हे बटण दाबलं. फडताळावर सुभद्रम्मांचा फोन टिणटिणला : 'तुमच्या जवळच्या माणसाला आज तुमची गरज आहे.'

जवळचा माणूस समोरच बसून हात चाटत होता.

"अट तीच," सुभद्रम्मा म्हणाल्या. "घर बंद करून यायचं."

"त्याला सलग तीन लाल पानं लागतात, अम्मा."

"मग तीन दिवस राहा इथे. मोजू. नानांच्या लुंग्या कपाटात आहेत." आणि त्यांनी दुसरा घास त्याच्या हातावर ठेवला.

परात धुऊन झाल्यावर, तीन दिवसांत पहिल्यांदाच मनसोक्त पाणी वापरून, त्यांनी हात धुतले आणि सकाळी कोऱ्या राहिलेल्या आभाराच्या ओळी उघडल्या. पहिल्या ओळीत लिहिलं : घट्ट कोयीच्या कैऱ्या. दुसऱ्या ओळीत : सांबशिवरावांचं आंबट बोट. तिसऱ्या ओळीत त्यांनी अ‍ॅपला उद्देशून 'तुझी चूक' असं लिहिलं. आतल्या खोलीतून फणींद्रचं घोरणं ऐकू येत होतं. जरा थांबून त्यांनी ते खोडलं आणि लिहिलं : 'यंत्र ठीक आहे. चुकीच्या माणसासमोर धरलं होतं, एवढंच.'