विमलाच्या लाखाचा कॉमा

बायकोला तिच्या लाखाचा मान मिळावा, एवढंच माझ्या मनात होतं.

त्या पावसात मला टायफॉईड झाला. विमला धामापूरच्या भगवतीला लाख वातींचा नवस बोलली. ताप चढला तसा तिने नवसही चढवला आणि दोन लाखांवर नेला. मी उठून बसलो आणि ती वाती वळायला बसली. मदतीला माझी थोरली बहीण अक्का आणि शेजारच्या शाळामास्तरीण अ‍ॅनीबाई. (नवस हिंदू, बोटं ख्रिस्ती, देवीने हरकत घेतली नाही.)

कणकवलीच्या आमच्या ऑफिसात त्याच वर्षी, म्हणजे अठ्ठ्याऐंशीत, कॉम्प्युटर आला होता. "मोजायचं तुम्ही बघूच नका," मी ऐटीत सांगितलं. रोजच्या जुड्या मी मोजायचो आणि डबा खाताखाता आकडे कॉम्प्युटरच्या तक्त्यात भरायचो. बेरीज तो आपोआप करी.

दसऱ्याच्या सुमारास विमलाच्या नावापुढे आकडा दिसला: १२०,०००. मला रागच आला. लाखाच्या वर गेलेल्या बाईला हे यंत्र हजारांत बसवतं? त्याला इंग्रजी वळणाने तीन-तीन आकड्यांवर कॉमा द्यायची खोड. मी तो आकडा खोडला आणि कॉमांसकट हाताने टाइप केला: १,२०,०००. इतका देखणा दिसला, की खालची बेरीज बदलली हे माझ्या ध्यानातही आलं नाही. कागद छापून घरी आणला आणि शेवटचा आकडा मोठ्याने वाचला.

"ऐंशी हजार."

विमलाने हातातली वात खाली ठेवली. मग म्हणाली, "निम्म्योपण नाय? त्रिपुरी पौर्णिमेक पेटवच्यो आसत."

"यंत्र चुकत नाही," मी म्हणालो. (हे वाक्य मला अजून जेवताना ऐकवतात.)

घरात पेजेशिवाय काही शिजेनासं झालं. अक्काची मान आखडली. विमलाच्या बोटांना फोड आले. मीही मांडी घालून बसलो, तर अक्का म्हणाली, "भाई, ही वात आसा काय दाव्याचो तुकडो?"

पौर्णिमा तोंडावर आली, तेव्हा अ‍ॅनीबाईंनी आपला आकडा बघायला तो कागद मागितला.

"भावोजी, सगळ्यांचे आकडे उजवीकडे आसत. विमलाचोच डावीकडे कित्याक चिकटलो?"

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "हाताने असे कॉमे घातलेत की यंत्राला ती अक्षरं वाटतात. अक्षरांची बेरीज ते करत नाही."

म्हणजे मान द्यायला गेलो आणि बायकोला बेरजेतूनच काढून टाकलं. मी घरी येऊन सगळं कबूल केलं. दोन लाख दसऱ्यालाच झाले होते. कोपऱ्यात जादा वातींचा ढीग होता.

"पण तो कॉमा घातलास कित्याक?" अक्काने विचारलं.

"हिने लाख ओलांडला, ते दिसावं म्हणून."

विमला पदराने डोळे टिपत म्हणाली, "चाय टाकतंय."

पौर्णिमेला आम्ही चौघं धामापूरला गेलो. तुपात भिजलेल्या दोन लाख वाती पेटल्या. त्या उजेडात तिघींचे सोललेले हात दिसले. मी जिवंत उभा होतो तो या हातांमुळे.

तेवढ्यात विमलाने पिशवीतून जादा वाती काढून देवीपुढे ठेवल्या.

"ह्यो कसल्यो?" गुरवाने विचारलं.

"ह्यांका थोडी अक्कल येवची म्हणान."

गुरवाने ढिगाकडे पाहिलं. मग मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि काळजीने म्हणाला, "वयनी, इतक्यान भागतला?"