तोबारीसानांपुढे रॉकचं नाव काढायचं नाही

फहदने उपेंद्रला दिलेलं काम ऐकायला सोपं होतं. जपानहून आलेले संगीतकार रयोहेई तोबारी यांना दुबईच्या हॉटेलातून घ्यायचं, अल ऐनला शूटिंगच्या जागी न्यायचं आणि संध्याकाळी करारावर सही होईपर्यंत त्यांना आनंदात ठेवायचं.

"ही साइन्स, हबीबी, यू आर मॅनेजर. ही डझन्ट साइन..." फहदने पुढचं वाक्य पुरं केलं नाही. जुमेरा लेक टॉवर्समधल्या त्या छोट्या फिल्म कंपनीत साहेबांचं वाक्य अर्धं राहिलं, की माणसं घरी जाऊन व्हिसाची तारीख बघत.

उपेंद्रनेही बघितली. तोवर त्याच्या मुलीने, मिहिकाने, फोनवर तोबारींची सगळी कारकीर्द काढली होती. तरुणपणी ते कमरेपर्यंत केस वाढवून रॉक बँडमध्ये गिटार वाजवत आणि कार्यक्रम संपला की ती आपटून फोडत. पुढे बँड मोडला, केसही गेले आणि तोबारी भयपटांना संगीत देऊ लागले. त्यांचं संगीत मागे असलं, की पडद्यावर साधं फ्रिजचं दार उघडलं तरी प्रेक्षक किंचाळत.

"बाबा, सी धिस." जुनी मुलाखत होती. बाई विचारते, रॉक का सोडलंत? तोबारी तिच्याकडे बघतात, उठतात आणि चालू लागतात. मुलाखत संपते.

"रागावले?"

"ऑब्व्हियसली."

"मग तुम्ही रॉकचं नावच काढू नका," त्याची बायको मनोरमा म्हणाली. "तसंही तुम्हाला त्यातलं काय कळतं!"

सकाळी ऑफिसचा ड्रायव्हर क्रिस्टोफर गाडी घेऊन आला आणि उपेंद्र दारातच थबकला. क्रिस्टोफरच्या टी-शर्टवर तरुण तोबारी होते. केस मोकळे, गिटार डोक्यावर उचललेली.

"हे काय घातलंयस?"

"तोबारी, साहेब! वसईला लग्नात मी बेस वाजवायचो ना, तेव्हापासून देव आहे तो माझा."

"तुझा देव झाकून टाक. हा माझा कोट घे. गळ्यापर्यंत बटणं लाव."

"साहेब, ऑगस्ट आहे."

"व्हिसा आहे म्हणून ऑगस्ट आहे!"

तोबारी निघाले अगदी साधे, पांढऱ्या कपड्यांतले आजोबा. मागच्या सीटवर उपेंद्रशेजारी बसले. सामान त्यांनी स्वतःच डिकीत ठेवलं होतं, कुणाला हात लावू दिला नव्हता. ते खूश व्हावेत म्हणून उपेंद्रने गाडीत त्यांच्याच भयपटाचं संगीत लावायला सांगितलं. आधी एक व्हायोलिन कण्हलं. मग कुणीतरी श्वास घेतला. उपेंद्रने मागे वळून बघितलं. मागे नुसता हायवे होता, पण तोही आता बरा वाटेना.

त्याने घाईघाईने संगीत बंद करायला लावलं. त्या शांततेत क्रिस्टोफर गुणगुणू लागला. बँडच्या दिवसांतलं गाणं! उपेंद्र खोकला. गुणगुणणं वाढलं, तसा खोकलाही वाढला. तोबारींनी आधी त्याला पाणी दिलं, मग खोकल्याची गोळी दिली आणि शेवटी स्वतः मास्क लावून खिडकीशी सरकले.

मग त्यांचं लक्ष क्रिस्टोफरच्या मानेकडे गेलं. घामाच्या धारा लागल्या होत्या.

"ड्रायव्हर आजारी आहे?" त्यांनी मोडक्या इंग्रजीत विचारलं.

"नाही, नाही. युनिफॉर्म आहे," उपेंद्र तितक्याच मोडक्या इंग्रजीत म्हणाला.

"चक्कर येईल त्याला. गाडी थांबवा."

पेट्रोल पंपावर गाडी थांबली. क्रिस्टोफर सावलीत जाऊन उभा राहिला, आणि उपेंद्र "अरे, नको!" म्हणेपर्यंत त्याने कोट उतरवला होता.

तोबारींनी टी-शर्ट बघितला. ते वळले आणि चालू लागले. अगदी मुलाखतीतल्यासारखे.

"खलास," उपेंद्र म्हणाला. त्याच्या डोळ्यांपुढे घरातल्या सामानाची खोकी बांधणारी मनोरमा आली. खोकी बांधताना ती बोलत होती, आणि ते भयपटाहून वाईट होतं.

डिकी उघडल्याचा आवाज झाला. तोबारी परत आले ते गिटार घेऊन.

"त्या मुलाखतीतही मी गिटार आणायलाच गेलो होतो," ते सांगू लागले. "आलो, तर कॅमेरावाले घाबरून पळालेले. तेव्हापासून कुणी विचारतच नाही."

मग पेट्रोल पंपावर जे झालं ते ऐकून ट्रकवाले जमले. तोबारी वाजवत होते, क्रिस्टोफर बॉनेटवर ताल धरून गात होता. उपेंद्रला आठवड्यात पहिल्यांदा नीट श्वास घेता आला. माणूस इतका आनंदात आहे म्हटल्यावर सही कुठे जाते!

गाणं संपलं. तोबारींनी डोळे पुसले.

"उपेंद्रसान, किती वर्षं मी लोकांना घाबरवत बसलो. पुरे झालं. आता सिनेमा नाही. पुन्हा बँड."

"पण... सही?"

"नाही."

उपेंद्रच्या खिशात फोन थरथरू लागला. फहद. त्याने नावाकडे बघितलं आणि फोन तसाच हातात धरून ठेवला. फोन थांबला. पुन्हा सुरू झाला.

"साहेब," क्रिस्टोफर जवळ येऊन हळूच म्हणाला, "मला बेसवर घेतलं त्यांनी. ड्रमवर कुणी नाहीये. विचारतायत, तुम्ही काय वाजवता?"

उपेंद्रने आजूबाजूला बघितलं.

"ढोल," तो पुटपुटला. "पुण्याला, पथकात. पण दुसऱ्याच वर्षी काढून टाकलं मला."

क्रिस्टोफरने ते इंग्रजीत सांगितलं. तोबारींचा चेहरा उजळला.

"काढून टाकलेला?" ते म्हणाले. "मग घेतला."