कुत्र्याने श्वानांच्या वाटेला जाऊ नये

एका जंगलात, मुलांनो, एक पायवाट होती. नदीच्या काठाकाठाने जाऊन ती टेकडीवरच्या झाडीत शिरायची. तिचे कंत्राट कुणाला दिलेले नव्हते, त्यामुळे ती पावसाळ्यातही टिकायची.

ती पाडली होती आवडाबाई धनगरणीच्या मेंढरांनी आणि तिच्या ठिपक्याने. ठिपक्या हा तिचा कुत्रा. पांढरा, अंगावर काळे ठिपके, एक कान फाटका. रोज दिवस कलला की तो या वाटेने टेकडीपर्यंत जायचा. जागोजागी पाय वर करून हद्द आखायचा, माथ्यावर उभा राहून पोटभर भुंकायचा आणि नदीकाठी मेंढरांपाशी परत यायचा.

टेकडीमागे लांडगा राहत होता. त्याला अक्षरओळख नव्हती, पण हद्द वास घेऊन वाचता यायची. तो तिकडेच राहायचा.

मग त्या जंगलात शहरातली माणसे फिरायला येऊ लागली. येताना आपापली कुत्री आणू लागली. फरशीवर वाढलेली ती कुत्री मातीत पाय ठेवताना दचकायची. एकाच्या तर पायांत मोजे होते. हसू नका, मुलांनो. त्याने हौसेने घातले नव्हते.

जंगलाचा राजा सिंह होता, पण तो झोपलेला असायचा. कारभार कोल्हा पाहायचा. कोल्ह्याने पायवाटेच्या तोंडाशी एक कमान उभारली आणि तिच्यावर पाटी लावली : 'श्वानस्नेही पायवाट. सर्व श्वानांचे हार्दिक स्वागत.' कमानीखाली गळ्यातल्या पट्ट्यांचे दुकान टाकले आणि स्वतः गल्ल्यावर बसला.

आवडाबाईला कुणीतरी पाटी वाचून दाखवली. ती ठिपक्याला म्हणाली, "आरं, राज्यात तुझा मान वाढला. पाटी लागली तुझ्या नावाची."

ठिपक्याचे शेपूट दिवसभर थांबले नाही. कलत्या उन्हात तो नेहमीसारखा टेकडीकडे निघाला.

"कुठे?" कोल्हा म्हणाला.

"माथ्यावर. भुंकायला."

"पाटी वाचली नाहीस?"

"वाचून घेतली. माझं स्वागत आहे."

"श्वानांचं आहे. तू कुत्रा आहेस."

"त्यात फरक काय?"

कोल्ह्याने घसा साफ केला. अडाण्याला समजावून सांगण्यात त्याला मोठा आनंद व्हायचा. "कुत्र्याला मालक असतो, श्वानाला पालक असतात. कुत्रा भाकरी खातो, श्वान आहार घेतो. कुत्रा भुंकतो, श्वान व्यक्त होतो. आणि श्वानाच्या गळ्यात पट्टा असतो."

"पण मी वर गेलो नाही तर लांडगा खाली येईल."

"लेखी तक्रार कर," कोल्हा म्हणाला.

ठिपक्या मान खाली घालून परतला. आवडाबाईने ऐकले आणि कोकराच्या गळ्यातली सुंभाची दोरी सोडून ठिपक्याच्या गळ्यात बांधली. त्याला घेऊन ती कमानीपाशी आली.

"हा घ्या तुमचा श्वान. सोडा आता."

"सुंभ चालत नाही, आवडाबाई. पट्टा लागतो."

"आन् पीळ? त्यो चालतो का?"

हे सगळे मृण्मयीताई ऐकत होत्या. या ताई शहरातल्या, मनाने फार चांगल्या. मी टोमणा मारत नाही, त्या खरोखरच चांगल्या होत्या. त्यांना ठिपक्याचा फाटका कान पाहून गलबलून आले. "आजी, आज मी याला फिरवून आणते," त्या म्हणाल्या. त्यांच्या पिशवीत एक जास्तीचा जांभळा पट्टा होता. तो त्यांनी ठिपक्याच्या गळ्यात अडकवला, दुसरे टोक हाताला गुंडाळले आणि त्याचे नाव ऑस्कर ठेवले. त्याला नाव आहे का, हे विचारायचे राहून गेले.

ठिपक्या निघाला. पण जिथे पाय वर करावा तिथे ताई म्हणायच्या, "इथे नको हं." तोंड उघडावे तर म्हणायच्या, "शू." माथा येण्याआधीच ताई दमल्या आणि मागे फिरल्या. असे चार-सहा दिवस चालले. हद्दीचा वास विरत गेला.

लांडगा खाली आला. करवंदीच्या जाळीआडून त्याने कमानीखालची ये-जा पाहिली, मग सरळ दुकानात गेला.

"एक पट्टा द्या."

कोल्ह्याने त्याच्याकडे पाहिले. जुनी ओळख होती. "पालक कोण?"

"तुम्हीच व्हा. मागची तंगडी तुमची."

कोल्ह्याने त्याला लाल पट्टा बांधला आणि दोघे नदीकडे फिरायला निघाले. वाटेत लोक बाजूला होऊन कौतुक करत होते. "बर्फातल्या जातीचा दिसतोय!" एकजण म्हणाला. "किती शांत आहे!" दुसरा म्हणाला. लांडगा शांतच होता. त्याला भूक लागली होती.

नदीवर आवडाबाईची मेंढरे पाणी पीत होती. सुंभाची दोरी सोडलेले ते कोकरू कडेला एकटेच बागडत होते. मृण्मयीताई ठिपक्याला घेऊन तिथेच उभ्या होत्या.

ठिपक्याला वास आला. त्याने झेप घेतली. पट्टा ताणला गेला आणि तो जागच्या जागी आपटला.

"ऑस्कर, नाही! मित्र आहे तो. ओळख करून घे."

"आगं बया! लांडगा हाय त्यो!" आवडाबाई काठावरून ओरडली.

"आजी, असं नका हो बोलू. त्यांना कळतं सगळं."

कोल्ह्याने हात सैल सोडला. लांडग्याने कोकराची मान धरली.

तेव्हा ठिपक्याने श्वानपद सोडले. मान मागे ओढून, दुसऱ्या कानाचा तुकडा पट्ट्यात ठेवून तो निसटला. लांडग्याच्या नरड्याला जाऊन भिडला. पाण्यात, दगडांत, चिखलात दोघे लोळले. शेवटी लांडगा कोकरू टाकून पळाला. कोकरू जिवंत होते, पण झटापटीत पायाने अधू झाले. आवडाबाईने ते छातीशी धरले आणि ती मोठ्याने रडली.

लगेच चौकशी बसली. कोल्हा अध्यक्ष होता. त्याने सगळ्यांच्या माना तपासल्या. परत आलेल्या लांडग्याच्या गळ्यात लाल पट्टा होता. ठिपक्याच्या गळ्यात काही नव्हते आणि तोंडाला रक्त होते.

"प्रकरण स्पष्ट आहे," कोल्हा म्हणाला. "हे कुत्र्याचं काम आहे."

मृण्मयीताईंना फार वाईट वाटले. "मी त्याला किती जीव लावला होता," त्या म्हणाल्या. पाटीखाली नवी ओळ आली : 'कुत्र्यांपासून सावध राहा.' शेजारी शांत, आदर्श श्वान म्हणून लांडग्याचे चित्र लागले.

आवडाबाईने पाटी वाचून घेतली नाही. तिने मेंढरे हाकली आणि नदी ओलांडून पलीकडच्या काट्याकुट्यांत शिरली. "चल रं ठिपक्या," ती म्हणाली, "वाट काय, पाडली की पडती." ठिपक्या पुढे, लंगडे कोकरू मागे. तिकडच्या माथ्यावर त्या संध्याकाळी तो पोटभर भुंकला.

अलीकडच्या वाटेवर आता एकही मेंढरू राहिले नाही. लांडगा लाल पट्टा घालून रोज फिरायला येतो. तो मुळीच उपाशी नसतो. वाटेवर श्वान भरपूर आहेत. गुबगुबीत, शाम्पूने धुतलेले, आणि पळू नयेत म्हणून घट्ट धरून ठेवलेले.

तात्पर्य : गळ्यात पट्टा असला की दात कुणी पाहत नाही. म्हणून, मुलांनो, सकाळी उठल्यावर आधी पट्टा बांधावा. दात सावकाश घासले तरी चालतात.