नॅटची खंडेनवमी

या विमानाला कुणी ‘खेळणं’ म्हणायचं नाही, असं हर्षवर्धनने घरात एकदा ठणकावून सांगितलं आणि सगळं तिथूनच बिघडलं.

"आई, हे नॅट आहे. लढाऊ विमान. लढाईत शत्रूची विमानं पाडलीत यानं. खेळणं काय म्हणतेस?"

"हौ बाबा, नाही म्हणत," जयवंताबाई म्हणाल्या. (त्यांनी हे इतकं मनावर घेतलं असेल, असं त्या वेळी कुणालाही वाटलं नाही.)

विमान खऱ्यापेक्षा बहात्तरपट लहान, प्लॅस्टिकचं, वीतभरही नव्हे. पण हर्षवर्धन चार वर्षं जर्मनीत शिकून बरकतपुऱ्याला परतला होता तो एक ध्यास घेऊन. आपल्या मुलांच्या हाताला अचूकपणाचं वळण नाही, ते लावायचं. सुटे भाग कापा, घासा, चिकटवा, रंगवा. दर रविवारी वर्ग. वीस मुलांनी नावंही दिली. हॉल द्यायला मराठी मंडळ तयार होतं, पण एका अटीवर: दसऱ्याच्या सकाळी नमुना मांडायचा आणि तो हणमंतरावांनी पास करायचा. अंबरपेठचे हणमंतराव म्हणजे हवाई दलातले निवृत्त सार्जंट. त्यांचं तारुण्य खऱ्याखुऱ्या नॅटच्या पोटाखाली उताणं पडून, दुरुस्त्या करण्यात गेलेलं.

परदेशातून मागवलेला रंग वेळेत आला नाही, म्हणून हर्षवर्धनने बेगम बाजारातून चंदेरी रंगाचा डबा आणला. "ट्रंकां को लगाते साब, बीस साल जाता नइं," दुकानदार म्हणाला. वाळायला तीन दिवस लागतात, हे सांगायचं तो विसरला. नवमी उजाडली तरी विमान चिकचिकतच होतं.

सकाळी आई म्हणाली, "आज खंडेनवमी आहे रे. घरातली हत्यारं काढून ठेव."

त्याने पक्कड, हातोडी, पेचकस पाटावर मांडले, विमान शोकेसवर जपून ठेवलं आणि माहितीचा फलक छापून आणायला गेला. तासाभराने परतला तर पाटावर विळी, कात्री, पक्कड, हातोडी अशी रांग, आणि सगळ्यांच्या मधोमध, मानाच्या जागी, नॅट. नाकाडावर हळद-कुंकवाची बोटं. दोन्ही पंखांवर अक्षता. वैमानिकाच्या डोक्यावर झेंडूचं अख्खं फूल.

"आई!"

"काय बोंबलायलास? पूजा चालू आहे."

"रंग ओला होता गं!"

"म्हणून तर कुंकू छान बसलं. दरसाल पकडीवरून घसरून जातं."

"पण विमानाची पूजा कशाला?"

"तूच म्हणालास ना, खेळणं नव्हे, लढाईचं आहे म्हणून? मग घरातलं सगळ्यात मोठं हत्यार सोडून विळीची पूजा करू काय?"

त्याने बायकोकडे पाहिलं. योगिनीने फोटो काढून केव्हाच घरच्या ग्रुपवर टाकला होता. "मामींनी विचारलंय, केवढ्याला पडलं?" ती म्हणाली.

मग हर्षवर्धन बसला. चिमट्याने एकेक अक्षत उचलली. (एकवीस होत्या. आईने मोजूनच वाहिल्या असणार.) थिनरमध्ये कापसाची काडी बुडवून कुंकू पुसलं, तर ते पसरून विमानाला गोवर उठल्यासारखं दिसू लागलं. पुन्हा पुसलं, पुन्हा रंगवलं, योगिनीचा केस वाळवायचा ड्रायर लावून वाळवलं. चार तास. "देवाचं पुसायलास, बघ हां," असं आई येता-जाता ऐकवत होती. अखेर चाकाच्या खोबणीत कुंकवाचा एक ठिपका राहिला, तो काही केल्या निघेना. कुणाला दिसतोय, म्हणून सोडून दिला.

दसऱ्याला हणमंतराव आले, खुर्चीवर बसले, खिशातून भिंग काढलं. हॉलमध्ये वीस मुलं टाचा उंचावून उभी.

"हा रंग कुठला? ट्रंकेसारखा चमकायलाय."

हर्षवर्धनने माहितीचा फलक जरा पुढे सरकवला.

"काच आतून धुरकटली. गोंद चुकला. पुढचं चाक उलटं बसलंय. पंखावरच्या तिरंगी वर्तुळाच्या स्टिकरला सुरकुत्या." प्रत्येक वाक्यासरशी रविवारचा एकेक वर्ग बुडत होता. हणमंतरावांनी विमान उलटं केलं आणि थबकले. भिंग जवळ नेलं.

"कुंकू?"

"सॉरी सर, ते मी..."

"दर खंडेनवमीला आम्ही विमानांची पूजा करायचो. हार, हळद, कुंकू, सगळं. नंतर कितीही पुसा, चाकाच्या खोबणीत असाच ठिपका राहायचा." त्यांनी ठिपक्यावर अलगद बोट टेकवलं. "यातली ही एकच गोष्ट खरी आहे. पण इतकुसंच का?"

"भरपूर लावलं होतं हो मी," मागून जयवंताबाई म्हणाल्या. "यानं पुसलं. चार तास बसून."

"चार तास?" हणमंतरावांनी हर्षवर्धनकडे अशा नजरेने पाहिलं, जणू त्याने आपलंच उडतं विमान पाडलंय. मग मंडळाचा फॉर्म पुढे ओढून त्यावर ‘पास’ असं लिहिलं. मुलांनी एकच गलका केला.

"नमुना करणाऱ्याचं पूर्ण नाव?"

हर्षवर्धन पुढे झाला, घसा साफ केला. "हर्षवर्धन..."

"तुमचं नाही हो," हणमंतराव म्हणाले. "बाईंचं विचारतोय."